पत्र क्रमांक ४११२

'सार्थ' मंडळ बंद पडले त्या दिवशी माझ्या वहीतली मोजदाद अशी होती: आलेली पत्रे ४११२, मंजूर १६३८, परत पाठवलेली २४७३, प्रतीक्षेत १.

मोजण्याची खोड मला नोकरीने लावली. तीस वर्षे वीजमीटरच्या नोंदी तपासणारे प्रोग्रॅम लिहिले. निवृत्तीनंतर मीटर सुटले, मोजणे सुटले नाही. मंडळातल्या प्रत्येकाचे माझ्या वहीत एक पान आहे. साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम लिहिणारे भाऊसाहेब घोरपडे: पाठवली ३१२, मंजूर ९७, आणि परत आलेल्यांपैकी निम्म्यांत नातवाचे कौतुक. लातूरच्या उमाटे बाई: पाठवली ४०, मंजूर ४०, म्हणून कोणालाच फारशा आवडत नसत.

मंडळ कशाचे, हे सांगितले की लोक विषय बदलतात. तरी सांगते. सार्थ पोथीत ओवी असते आणि खाली तिचा अर्थ असतो. आम्ही प्रोग्रॅम तसे लिहायचो, फक्त उलटे. आधी माणसाला कळेल अशा मराठीत लिहायचे की काय करायचे आहे आणि का, आणि त्या लिखाणाच्या पोटात जिथे लागेल तिथे कोडचा तुकडा ठेवायचा. मग एक साधन त्यातले तुकडे वेचून यंत्राला हव्या त्या क्रमाने लावून देई. यंत्राला कोड मिळे, माणसाला निबंध. जगात ही पद्धत जुनी; मराठीत ती चालवणारे आम्ही चौसष्ट जण होतो, आणि आमच्यावर भालचंद्र अणावकर नियामक होते. असा एकेक निबंध म्हणजे एक पत्र, आणि कोणाचेही पत्र त्यांनी वाचल्याशिवाय मंडळात जात नसे. पत्राखाली त्यांचा शेरा पडे, तो दोनच प्रकारचा. 'वाचले. जाऊ द्या.' किंवा 'कारण अपुरे.' दुसऱ्या शेऱ्याखाली मात्र एकदोन ओळी असत, आणि त्या लागत.

नियम तीन होते. आधी कारण, मग कोड. एक कारण एकाच ठिकाणी लिहायचे. तेच दुसरीकडे लागले तर पुन्हा लिहायचे नाही, पत्राचा क्रमांक द्यायचा. आणि नियामकाचे स्वतःचे पत्र दुसऱ्या नियामकाने मंजूर करायचे, त्यासाठी पहिल्याने चकार शब्द काढायचा नाही.

दुसरी नियामक मी, शुभदा केळुसकर.

अणावकर २०३६च्या ऑक्टोबरात गेले. मंडळ त्यांच्यामागे थांबले. आठ वर्षे कोणी त्याचे नाव काढले नाही.

*

मंगळवार हा माझ्या गुडघ्याचा वार. अणावकरांची मुलगी ऋजुता मिरजेत फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते. पेशंटांकडे घरी जात नाही, पण माझ्याकडे सांगलीला येते. लहानपणापासून मला मावशी म्हणते. तिला सख्खी मावशी नाही आणि मला मूल नाही, त्यामुळे दोघींचे बरे जमले होते.

"पाय वर. धरा. दहापर्यंत मोजा." ती म्हणाली. "अहो, सहानंतर थेट नऊ?"

"आयुष्यभर मोजलंय मी. मला नको शिकवूस."

"म्हणूनच लबाडी इतकी सफाईनं जमते."

त्या मंगळवारी, चौथ्या वेळी पाय धरलेला असताना, तिने पिशवीतून एक छापील अहवाल काढून माझ्या पोटावर ठेवला. "वाचा. पाय खाली नाही करायचा."

अहवाल कुपवाडच्या 'धारिणी' कंपनीच्या पंपाबद्दल होता. सलाईनच्या नळीतून थेंबाथेंबाने औषध देणारा हा छोटा पंप. त्याचा प्रोग्रॅम अणावकरांनी शेवटच्या वर्षात लिहून दिला होता. पाच वर्षांनी कंपनीने तो पुनर्लेखकाकडे दिला. पुनर्लेखक म्हणजे जुने प्रोग्रॅम सुधारणारे यंत्र, हे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. ते एकेक ओळ काढून पाहते, उरलेला प्रोग्रॅम लाखो काल्पनिक रुग्णांवर चालवते, आणि फरक पडला नाही तर ती ओळ टाकून देते. एवढाच त्याचा विवेक. एक अपवाद त्याला कायद्याने शिकवला आहे: ओळीमागे माणसाने लिहिलेले, जाहीर आणि तारीख असलेले कारण सापडले तर ती ओळ काढायची नाही.

अणावकरांच्या प्रोग्रॅममध्ये एका जागी पंप चाळीस सेकंद नुसता थांबत असे. पुनर्लेखकाने ते थांबणे काढले. काल्पनिक रुग्णांना काही झाले नाही. पुढच्या वर्षी मिरजेतल्या एका रुग्णालयात हलीमा शिकलगार नावाच्या शेहेचाळीस वर्षांच्या बाईच्या अंगात औषध एकदम गेले आणि त्या दगावल्या.

"आता हे बघा, दोष कुणावर," ऋजुता म्हणाली आणि पान उलटले.

दोष अणावकरांवर होता. कारणनोंद कायद्याप्रमाणे, जीव ज्यावर अवलंबून आहे अशा ओळीचे कारण न नोंदवणारा मूळ लेखक जबाबदार.

"बाबा कारण न लिहिता ओळ लिहितील?" तिचा आवाज चढला. "मावशी, ते किराण्याच्या यादीत 'गूळ' लिहिलं तरी पुढे 'संक्रांत' लिहायचे! आणि इथंही लिहिलंय. वाचा ना."

मी वाचले. 'येथे पंपाने चाळीस सेकंद थांबावे. कारण: सार्थ, पत्र ४११२.'

"आणि ४११२ नाहीच. मंडळाच्या संग्रहात ४१११ शेवटचं. कंपनीचा वकील म्हणाला, म्हाताऱ्याने खोटा क्रमांक टाकून सुटका करून घेतली. सगळ्यांसमोर." तिने माझा पाय हळूच खाली ठेवला. "शिकलगारांचा मुलगा परवा दवाखान्याच्या दारापर्यंत आला होता. पाटीवरचं आडनाव वाचलं आणि परत गेला. काही बोलला असता तर बरं झालं असतं."

तीस जूनला शेवटची सुनावणी होती. त्यानंतर अणावकरांचे नाव कारणदोषांच्या यादीत कायमचे चढणार होते. ती यादी पुनर्लेखक वाचतात. त्यात नाव असलेल्या माणसाने लिहिलेली एकूण एक ओळ, जिथे चालू असेल तिथून, ते उपटून टाकतात.

"पत्र कुठं तरी असणार," ती म्हणाली. "बाबा खोटा क्रमांक देणार नाहीत."

पत्र ४११२ कुठे आहे हे जगात एकाच माणसाला माहीत होते, आणि त्या माणसाचा पाय आत्ता आत्तापर्यंत तिच्या हातात होता.

मी म्हणाले, "शोधू या."

*

क्रमांक पत्र मंजूर झाल्यावर नाही, रांगेत आल्याबरोबर पडत असे. अणावकरांनी पत्र पाठवले, क्रमांक मिळाला, आणि तो त्यांनी प्रोग्रॅममध्ये लिहून टाकला. पत्र दोन दिवसांत मंजूर होईल हे ते धरून चालले होते. वीस वर्षांत मी कधी तिसरा दिवस लावला नव्हता. वेगळी प्रत ते ठेवत नसत; एक गोष्ट एकाच ठिकाणी. आणि रांगेतले पत्र ज्याच्याकडे आले आहे त्याच्याच किल्लीने उघडते. ती किल्ली माझ्याकडे होती. दर सोमवारी मंडळाचा सर्व्हर मला आठवण पाठवी: 'आपल्याकडे १ पत्र प्रतीक्षेत आहे.' असे सोमवार मी मोजलेले नाहीत. माझ्या वहीत न मोजलेली एवढी एकच गोष्ट.

का, ते पुढे येईलच. मला ते लिहावे लागले.

पत्र नुसते काढून देऊन भागणार नव्हते. बंद मंडळातली पत्रे पुरावा म्हणून चालत नाहीत, कारण त्यात मागची तारीख घालून कोणीही काहीही घुसवू शकतो. चालू मंडळ हवे. चालू म्हणजे निदान सात लिहिते सभासद आणि दोन नियामक. हे ऋजुतानेच वकिलाला विचारून आणले, आणि मी, जिने एका क्षणात सांगून टाकायला हवे होते, ती फोनवर सभासद गोळा करत बसले. कामात असले की माणूस खोटे बोलत नाही असे मला वाटत होते.

चौसष्टांपैकी सव्वीस वारले होते. नऊ जणांचे क्रमांक बदललेले. चौघांच्या मुलांनी सांगितले की बाबांना आता तेवढे कळत नाही. उमाटे बाईंनी होकार द्यायला दोन दिवस घेतले आणि होकाराला तीन कारणे जोडली. घोरपडे ब्याऐंशीचे झाले होते.

"कोण? केळुसकर बाई? अहो, मी तुम्हाला गेलेल्यांत धरलं होतं!"

"मी पण तुम्हाला. लिहाल का, भाऊसाहेब?"

"लिहीन की. पण परत पाठवणार कोण? अणावकरांशिवाय मजा नाही. नातू माझं सगळं छान छान म्हणतो, वीट आलाय."

अणावकरांच्या जागेची अडचण ऋजुताने सोडवली, आणि मला न विचारता सोडवली. हल्ली माणसाच्या लिखाणावरून त्याच्यासारखी उत्तरे देणारी यंत्रातली छाया करून मिळते. लोक सासूच्या हातची आमटी विचारायलाही करून घेतात. तिने वडिलांची चार हजार पत्रांवरची चार हजार मते, त्यांच्या तारखा, दुरुस्त्या, शेरे असे सगळे एका छायेत घातले. रक्तदाबाच्या यंत्राला जसा हात माहीत नसतो, फक्त दंडातला दाब कळतो, तशी ही छाया. तिला अणावकर माहीत नव्हते. अणावकरांचे नकार माहीत होते. पण वीस वर्षांचे नकार एकत्र केले की जो आकार उरतो, तो दारातून आत आला तर आपण उठून उभे राहू, इतका ओळखीचा असतो.

पहिले पत्र घोरपड्यांचे आले, क्रमांक ४११३. काट्यावर ट्रक उभा असताना ड्रायव्हर खाली उतरतो की नाही, याबद्दल. शेवटी नातवाच्या मुलीचा पहिला वाढदिवस. अर्ध्या मिनिटात शेरा: 'कारण अपुरे. ड्रायव्हर उतरतो हे सांगितले, उतरला हे काट्याला कसे कळावे ते नाही. वाढदिवस विषयाला धरून नाही.'

घोरपड्यांचा मला फोन आला. रडत होते. "तोच हो," म्हणाले, "तोच मेला."

पंधरा दिवसांत नऊ लिहिते सभासद झाले.

ऋजुताने एक गोष्ट केली ती मला मागाहून दाखवली. तिने छायेला पत्र लिहिले होते. 'बाबा, दवाखान्यात आज फक्त दोन पेशंट आले. आईचा गुडघेदुखीचा लेप मी आता स्वतः करते, पण वास तसा येत नाही.'

खाली शेरा होता. 'विषयाला धरून नाही.'

"बघा ना," ती हसत म्हणाली, "असेच होते ना ते?" हसता हसता तिने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "रांगेत काही राहिलं असेल का, मावशी? बाबांच्या किल्लीने मी सगळं पाहिलं. पण तुमच्या बाजूची एक रांग असते ना?"

"बघते," मी म्हणाले. "किल्ली शोधावी लागेल."

किल्ली माझ्या गळ्यातल्या साखळीत, अजून न उतरवलेल्या मंगळसूत्राशेजारी होती.

*

सुनावणीला सहा दिवस उरले तेव्हा, दुपारी जेवण झाल्यावर, मी रांग उघडली. पत्र १४ ऑगस्ट २०३६चे होते.

अणावकर त्या वर्षी सहा दिवस मिरजेच्या रुग्णालयात पंपाजवळ बसले होते, स्टीलची वाटी आणि सोनाराचा काटा घेऊन. सिस्टर मार्था नावाच्या परिचारिकेने त्यांना स्टूल दिले होते. कारखान्यात पंपाची चाचणी नव्या, कडक नळीवर होते, असे त्यांनी लिहिले होते. वॉर्डातली नळी मऊ असते. रुग्ण कुशीवर वळतो, नळी कोपराखाली दबते. पंपाला ते लगेच कळत नाही, दाब फार वाढून बंद पडेपर्यंत तो ढकलतच राहतो, आणि मऊ नळी आतून फुगत जाते. कोणी तरी येऊन कोपर उचलते. फुगलेल्या नळीत साठलेले सगळे एकदम आत जाते. त्याच क्षणी पंपही पुन्हा सुरू झाला, तर दुप्पट.

'म्हणून अडथळा सुटल्यावर पंपाने थांबावे. साठलेला दाब पुरता उतरायला मी एकसष्ट वेळा मोजून पाहिले. सर्वांत जास्त तेहतीस सेकंद लागले. उरलेले सात सेकंद भीतीचे आहेत. भीती हेही कारण आहे, ते लपवू नये.'

खाली दुसऱ्या नियामकासाठी खासगी टिपेचा रकाना असतो. मी आधी तोच पाहिला होता, हे कबूल करते. त्यात एखादी ओळ असेल, मला ते ताई म्हणत, तशी हाक तरी असेल, असे वाटले होते. रकाना रिकामा होता. स्वतःच्या पत्रासाठी चकार शब्द काढायचा नाही.

एकसष्ट वेळा. मी ते पत्र दोन दिवसांत मंजूर केले असते, तर पुनर्लेखकाला कारण सापडले असते. ओळ राहिली असती. हलीमा शिकलगार आज एकोणपन्नासाव्या वर्षी कुठे तरी भाजी निवडत बसल्या असत्या. यात मोजण्यासारखे काही नव्हते. एक बाई. एक मी.

मंजुरीचे बटण दाबले तेव्हा पडद्यावर एक चौकट आली. कायद्याने पडलेली नवी भर: उशिरा मंजूर होणाऱ्या पत्रास नियामकाने उशिराचे कारण जाहीर लिहावे आणि दुसऱ्या नियामकाने ते मान्य करावे.

मी लिहिले: 'किल्ली हरवली होती. आता सापडली.'

'कारण अपुरे. सापडली कशी ते लिहिलेले नाही. हरवली असताना नवी का मागितली नाही?'

मी लिहिले: 'त्या वर्षी माझे पती जयवंत यांचे निधन झाले. मी मंडळाकडे लक्ष देण्याच्या मनःस्थितीत नव्हते.'

'कारण अपुरे. जयवंतराव फेब्रुवारीत गेले. पत्र ऑगस्टचे आहे. मेमध्ये तुम्ही उमाटे यांच्या प्रसिद्ध पत्रात दोन चुका काढल्या आहेत.'

तीच जुनी चीड, त्याच जागी. मी लिहिले: 'तुम्ही मेला आहात, अणावकर.'

'विषयाला धरून नाही.'

मी उठले. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. परत आले तेव्हा चौकट तशीच होती. सगळे सांगायचे तर आधी माझे परत आलेले पत्र सांगावे लागणार होते.

जयवंतला शेवटची दोन वर्षे विसर पडत होता. मी त्याच्यासाठी प्रोग्रॅम लिहिला होता: उशाशी ठेवलेले यंत्र त्याला दिवसभर वार, औषध, जेवण सांगत राही, आणि दर दोन तासांनी माझ्या आवाजात म्हणे, 'मी शुभदा. मी इथेच आहे.' तो गेल्यावर जुलैत मी ते सगळे नीट लिहून मंडळाला पाठवले. माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले लिखाण. नावाच्या तुकड्यावर कारण दिले होते, 'ते विसरतात.'

अणावकरांनी परत पाठवले. 'कारण अपुरे. विसरतात ही परिस्थिती झाली. दर दोन तासांनी तुम्हाला नाव का सांगावेसे वाटते, ते लिहा.'

मी तीनदा पाठवले. तीनदा तोच शेरा.

मी चौकटीत लिहायला बसले. शेवटी जे उरले ते असे:

'हे पत्र रांगेत आहे हे मला पहिल्या सोमवारपासून माहीत होते. माझ्या रांगेत फक्त अणावकरांचीच पत्रे येतात, त्यामुळे ते कोणाचे हेही माहीत होते. मी ते मुद्दाम उघडले नाही. त्यांनी माझे पत्र तीनदा परत पाठवले होते. त्यांनी एकदा फोन करून विचारावे, अडून बसणे कसे लागते ते त्यांना कळावे, असे मला वाटत होते. ते नियमाने विचारू शकत नव्हते, हे मला माहीत होते. दोन महिन्यांनी ते गेले. त्यानंतर उघडले असते तर आपण काय केले ते दिसले असते, म्हणून उघडले नाही. यंदा त्यांच्या मुलीने माझ्यासमोर हा क्रमांक वाचला. तेव्हापासून अडतीस दिवस मी तिला सांगितले नाही, कारण ती मला मावशी म्हणते. — शुभदा केळुसकर, दुसरी नियामक.'

या वेळी अर्धे मिनिट लागले नाही. एखाद्या सेकंदात शेरा आला.

'वाचले. जाऊ द्या.'

तो यंत्राचा शेरा होता, दया त्यात नव्हती, हे मला पुरते माहीत आहे. वीस वर्षांच्या नकारांमधून जाऊन जे सुटले, ते सुटले, एवढेच. तरी मी टेबलावर डोके टेकून बसले.

पत्र ४११२ चार वाजून दहा मिनिटांनी मंडळात प्रसिद्ध झाले. त्याखाली माझे कारण.

पहिला फोन घोरपड्यांचा. "बाई," म्हणाले. तीनशेतेरा पत्रे लिहिलेला माणूस. "जेवून घ्या," एवढेच म्हणाले आणि फोन ठेवला.

ऋजुताचा फोन आला नाही.

*

तीस जूनला अणावकरांचे नाव यादीतून वगळले गेले. चाळीस सेकंद सगळ्या पंपांत परत बसवले गेले. निकालपत्रात दुसऱ्या नियामकाच्या 'हेतुपुरस्सर विलंबाची' नोंद झाली. माझे नाव त्यात आहे. शिकलगारांच्या घरी मी पत्र पाठवले. उत्तर आले नाही, यायला नकोच होते. ऋजुताने सुनावणीनंतर छाया बंद केली आणि वडिलांच्या जागी नियामक म्हणून स्वतःचे नाव घातले. मंडळात एकच ओळ लिहिली: 'काम झाले. कामाशिवाय ओळ ठेवू नये असे बाबा म्हणत.' घोरपड्यांनी त्यावर दोन पानी निषेध पाठवला. तिने तो परत पाठवला. विषयाला धरून नव्हता.

पुढच्या मंगळवारी ती येणार नाही असे मी धरले होते. ती आली. नेहमीच्या वेळेला, नेहमीची पिशवी. चटई अंथरली.

"पाय वर."

मी पाय वर केला. ती मोजू लागली, मोठ्याने, एक ते दहा, एकही आकडा न गाळता. पंधरा वेळा. तिचे हात नेहमीसारखेच होते, ना जास्त घट्ट, ना सैल. मी दोनदा तोंड उघडले. दोन्ही वेळा ती मोजत होती.

झाल्यावर तिने माझ्या गुडघ्याखालची उशी काढली, झटकून जागेवर ठेवली. चटई गुंडाळली. दाराशी चपला घालताना म्हणाली,

"तेहतीस लागले होते म्हणे. बाबांनी सात जास्त धरले."

"हो."

"त्यांना वाटलं असेल, तेवढे पुरतील." तिने पिशवी खांद्यावर घेतली. "पुढच्या मंगळवारपासून आमच्याकडच्या जाधव येतील. चांगल्या आहेत. गुडघा सोडू नका, केळुसकर मॅडम."

मी खिडकीतून पाहिले नाही. गाडी सुरू झालेली ऐकू आली.

त्या आठवड्यात मी जयवंतचा प्रोग्रॅम पुन्हा काढला. नावाच्या तुकड्यावरचे कारण खोडले आणि नवे लिहिले. 'दर दोन तासांनी नाव सांगावे. कारण: ते विसरतात म्हणून नव्हे. शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी मला एकदाही हाक मारली नाही. यंत्राने नाव घेतले की ते कधी कधी मान हलवत. त्या घरात माझे नाव कोणी तरी ऐकावे म्हणून.' अणावकरांनी हेच मागितले होते. त्यांना ते माझ्या आधी दिसले होते, आणि मी त्यांना त्यासाठी शिक्षा केली.

पत्र पाठवले. क्रमांक पडला, ४१३१. मी नियामक, म्हणून ते दुसऱ्या नियामकाकडे, म्हणजे ऋजुताकडे गेले.

सात आठवडे झाले. दर सोमवारी सर्व्हरची सूचना येते: 'आपले १ पत्र प्रतीक्षेत आहे.' मंडळात इतरांची पत्रे येतात, ऋजुता ती दिवसभरात वाचते, शेरे देते. तिचे शेरे वडिलांपेक्षा लांब असतात. माझे पत्र रांगेत आहे हे तिला माहीत आहे. तिच्या रांगेत फक्त माझीच पत्रे येतात.

खासगी टिपेचा रकाना मी रिकामा ठेवला आहे. फोन करत नाही.

वहीत लिहिते आहे. या वेळी सोमवार मोजते आहे. सात.